ब्रायनीचं कॉलेज आणि सहावा दोर

लग्न करून मी हॅकल्थॉर्पला आले तेव्हा क्लिफर्डनं मला घर दाखवलं, परसातली सफरचंदाची झाडं दाखवली, आणि मुख्य गोष्ट सांगितलीच नाही. घरासमोर चर्चचा मनोरा आहे हे मला दिसत होतं, आंधळी नव्हते मी. पण त्या मनोऱ्यात सहा घंटा आहेत, त्या वाजवणाऱ्यांचा म्होरक्या माझाच नवरा आहे, आणि दर शुक्रवारी सराव नि दर रविवारी सकाळी दणदणाट हा कारभार मरेपर्यंत चालायचा आहे, हे मला नंतर कळलं. तेव्हापासून शुक्रवारी संध्याकाळी मी रेडिओ मोठ्यानं लावते.

क्लिफर्ड म्हणतो, "थेल्मा, संगीत आहे गं ते."

मी म्हणते, "जिन्यावरून पातेली गडगडली तरी त्यात एखादी चाल सापडेल. यात तीही सापडत नाही." आणि ते खरंच आहे. आमच्याकडे घंटांवर गाणं वाजवत नाहीत. सहा घंटा, सहा दोर, सहा माणसं. कुणी कुणाच्या मागून ओढायचं तो क्रम फक्त बदलत राहायचा. एवढ्यासाठी जाणती माणसं जन्म घालवतात.

पण ही गोष्ट घंटांची नाही, ब्रायनीची आहे. घंटा मध्ये मध्ये येतात त्याला माझा इलाज नाही.

ब्रायनी स्टब्ली माझ्या मैत्रिणीची मुलगी. मैत्रीण गेली, पण मुलगी मला मावशी म्हणत राहिली. रसायनशास्त्राची पदवी घेऊन आली आणि साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत चिकटली. शेतकऱ्यांचं बीट कापायचं, त्यात साखर किती ते बघायचं. हिवाळाभर तिच्या कोटाला उकडलेल्या बीटाचा वास. मध्ये एकजण होता, ट्रॅक्टरचे सुटे भाग विकणारा. पण त्याला ब्रायनीचे प्रश्न झेपले नाहीत. प्रश्न विचारणं हा तिला जडलेला रोगच म्हणायचा. लहानपणी माझ्या स्वयंपाकघरात उभी राहून विचारायची, "मावशी, केक का फुगतो? मग बिस्किट का नाही फुगत? आणि मग तू का फुगलीस?" मी तिला बिस्किट देऊन गप्प करायची. ती ते खाऊन पुढचा प्रश्न विचारायची.

आमच्यापासून इस्पितळ लांब. रुग्णवाहिका येईपर्यंत माणसानं काय करायचं, म्हणून गावोगावी एखाद्या धडधाकट माणसाला शिकवून ठेवतात. त्याच्या गाडीत एक पिशवी, प्राणवायूची नळी, छातीला विजेचा धक्का देणारं यंत्र. फोन आला की हातातलं टाकून धावायचं. पगार नाही, कधीकधी गाव आपल्याला पायजम्यात बघतं तेवढीच कमाई. आमच्याकडे हे काम ब्रायनीचं. वॉल्टर म्हणून आमचा डुकरं पाळणारा शेजारी आहे, तो शिडीवरून पडला तेव्हा तीच पहिली पोचली. मागून रुग्णवाहिका आली, आणि हिनं त्यातल्या बाईला प्रश्नांनी भंडावून सोडलं. हेच औषध का? इतकंच का? खांदा असा का लोंबतोय, तसा का नाही? शेवटी ती बाई कावली. म्हणाली, "हे बघ, एक तर डॉक्टर हो, नाही तर मला गाडी चालवू दे."

स्ट्रेचरवरून वॉल्टर कण्हत म्हणाला, "हो गं बाई, डॉक्टर हो. पण आधी मला आत घाला."

वॉल्टरचा खांदा कायमचा गेला. तो आमच्या सहांपैकी एक वाजवणारा होता. त्याचा दोर रिकामा लोंबायला लागला, तेव्हा ब्रायनीनं तो धरला. आणि डॉक्टर व्हायचं जे डोक्यात शिरलं तेही तो पडला त्याच दिवशी. एका माणसाच्या पडण्यानं किती उद्योग होतात बघा.

एक पदवी आधीच असलेल्यांना चार वर्षांत डॉक्टर करणारी कॉलेजं असतात. त्याची परीक्षा भलती अवघड. ब्रायनी कारखान्यातल्या पाळ्या करून अभ्यास करायची. एकदा नापास झाली. दुसऱ्यांदा पास झाली आणि मला सांगायला आली तेव्हा तिच्या केसांत बीटाचा कीस होता. मी तिला घट्ट धरलं. आमच्याकडे असं कुणी कुणाला धरत नाही, त्यामुळे दोघींनाही पुढं काय करायचं ते कळेना, म्हणून मी चहा टाकला.

गावानं काय केलं? अळीमिळी गुपचिळी. आमच्या लोकांची ही तऱ्हाच आहे. आनंद झाला, केक. कुणी मेलं, केक. काळीज फाटलं, तर मुरंब्याची बाटली दारात ठेवून बेल न वाजवता पळ. शब्दांची एवढी कंजुषी, जणू बोललं की वीजबिल येतं. ब्रायनी चालली हे कळल्यावर तिच्या पायरीवर भाज्यांचा ढीग लागला. एक भोपळा तर एवढा मोठा होता की तिला दार उघडेना.

कॉलेजांचे दिवस असतात, त्या दिवशी सगळं उघडं ठेवतात आणि ज्यांना यायचंय त्यांना दाखवतात. ब्रायनीनं मला विचारलं, "मावशी, येशील माझ्याबरोबर? एकटीनं जायला कसंतरी होतं." मी हो म्हणायच्या आत शेजारच्या खुर्चीतून क्लिफर्ड वर्तमानपत्राआडून म्हणाला, "आम्हीही त्या बाजूला जाणारच होतो म्हणा. तिथल्या चर्चच्या घंटा चांगल्या आहेत असं ऐकतो."

"कुठल्या बाजूला?" मी विचारलं. "कुठल्या कॉलेजला जायचंय ते तिनं अजून सांगितलं नाहीये."

"कुठल्याही," क्लिफर्ड म्हणाला.

तर अशी वरात निघाली. वॉल्टरनं व्हॅन दिली आणि खांदा गेलेला असून चालवायचा हट्टही धरला. आठवडाभर त्या व्हॅनमध्ये डुकरांचं खाद्य असतं, त्या वासात आम्ही. पुढं मी आणि वॉल्टर. मागं ब्रायनी, क्लिफर्ड, टास्कर बहिणी आणि ग्रॅहम नि त्याचा भाऊ. टास्कर बहिणी दोघी कुमारिका, थोरलीनं वाक्य सुरू केलं की धाकटी संपवते. ग्रॅहम पोस्टमन. तो आणि त्याचा भाऊ मिळून वर्षाला चार वाक्यं बोलतात. अशी ही आमची घंटावाली टोळी. एका मुलीला डॉक्टर करायला निघालेली, आणि एकाच्याही तोंडून त्याबद्दल चकार शब्द नाही.

पहिलं कॉलेज जवळचं. घरून निघून चहा गार व्हायच्या आत पोचावं असं. सगळी इमारत काचेची, म्हणून आम्ही त्याला काचेचं कॉलेज म्हणायला लागलो. दारातच नारिंगी टी-शर्टातली पोरं उलटी चालत माहिती देत होती. टास्कर बहिणींचा जीव वरखाली, आता हा पडतो की मग पडतो. कापडी पिशव्या फुकट होत्या, त्या बहिणींनी तीन-तीन घेतल्या. एका टेबलावर प्लॅस्टिकचा हात होता, त्यात सुई खुपसली की लाल पाणी यायचं. क्लिफर्डनं खुपसली आणि स्वतःच खुर्ची शोधायला लागला.

वॉल्टरला एक रांग दिसली. आमचा माणूस रांग दिसली की उभा राहतो, कशाची ते नंतर विचारतो. ही रांग सुइणीच्या शिक्षणाची होती. आत गेल्यावर त्याला कळलं, पण उठून बाहेर यायचं म्हणजे समोरच्या बाईचा अपमान. म्हणून तो शेवटपर्यंत बसला आणि वर एक प्रश्नही विचारून आला. मला म्हणाला, "बरंचसं डुकरांसारखंच आहे गं, फक्त नवरे फार मध्ये येतात."

ब्रायनीचं काय झालं ते मात्र मला बघवलं नाही. तिथले एक मोठे प्राध्यापक चांदीच्या केसांचे, हसतमुख, तिच्याकडे आले आणि म्हणाले, "अरे वा, स्वागत! आणि आपली मुलगी कुठाय?"

चौतिशीची बाई ती! कॉलेजात घालायला मुलगी तिनं शाळेत असतानाच काढली होती का? दुसरी कुणी असती तर तिथल्या तिथं सांगितलं असतं, साहेब, मीच ती. पण ब्रायनी पडली आमच्याच गावची. त्या माणसाला ओशाळं वाटू नये म्हणून ती म्हणाली, "ती... बाथरूमला गेलीय."

"असू दे, असू दे," म्हणत त्यांनी तिला पालकांच्या दालनात नेऊन बसवलं. तिथं ती मुलांना घर सोडताना रडू आलं तर आईवडिलांनी काय करावं, यावरचं भाषण ऐकून आली. मोठ्या सभागृहातलं खरं भाषण बुडालं. नंतर आम्ही ते सभागृह बघितलं. उंच पायऱ्यापायऱ्यांचं, शेकड्यांनी खुर्च्या, समोर एक माणूस बोलणार आणि बाकीच्यांनी लिहून घ्यायचं. ब्रायनी म्हणाली, "बरं आहे." आमच्यात 'बरं आहे' कधी म्हणतात? दात काढून आल्यावर.

विटांचं कॉलेज पार उत्तरेला. व्हॅनमध्ये बसून बसून माझ्या पाठीचा कणा आणि वॉल्टरच्या विनोदांचा साठा दोन्ही संपले तेव्हा कुठं आलं. समुद्राकडून वारा असा की टास्कर बहिणींनी एकमेकींना धरून ठेवलं. जुनी, धुरानं काळवंडलेली विटांची इमारत. पिशव्या नाहीत, टी-शर्ट नाहीत. दारात कोपरावर रफू केलेला स्वेटर घातलेली एक बाई उभी, मला वाटलं झाडायला आली असेल. ती तिथली मुख्य डॉक्टर निघाली.

तिनं ब्रायनीला विचारलं, "आधी काय करायचीस?"

"साखर मोजायचे."

"उत्तम. आमच्याकडे एक शवपेट्या बनवणारा आहे. त्याच्या शेजारी बस, त्याला जरा गोड संगत हवी."

घंटावाले घंटा शोधायला गेले. कुठल्याही गावी जा, मनोरा शोध, वर चढ, तुझ्या हातात दोर देतात, नाव नंतर विचारतात, ही त्यांच्या जातीची रीत. मी मात्र ब्रायनीबरोबर राहिले. गोल टेबल, आठजण, सगळे कुठून कुठून आलेले, कुणाचे केस पिकलेले. समोर एक कागदावरचा रोगी. म्हातारा शेतकरी, म्हणतो मला काही होत नाही, बायकोनं पाठवलं म्हणून आलो. आता याला काय विचाराल?

झालं! ब्रायनी सुटली. जेवतो का, झोपतो का, बायकोला काय दिसलं, ते याला का नाही दिसलं, कधीपासून, आधी कुणाला असं झालं होतं का. मी मागच्या खुर्चीवर अवघडून बसले होते. आता कुणीतरी पुरे म्हणणार, म्हणून मी वाटच बघत होते. जन्मभर तिला सगळे पुरे म्हणत आलेत, मीसुद्धा. ती रफूवाली बाई हनुवटीखाली हात घेऊन ऐकत होती. ब्रायनी श्वास घ्यायला थांबली तशी ती म्हणाली, "आणखी?"

ब्रायनीचा चेहरा त्यावेळी जो झाला तो मी तिच्या आईच्या चेहऱ्यावर एकदाच बघितला होता, हिला पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा.

बाहेर आली तेव्हा गालाला शाई, आणि डब्यातलं सँडविच तसंच. ब्रायनी सँडविच विसरली! कारखान्यात आग लागली होती तेव्हाही तिनं आधी सँडविच उचललं होतं. मी विचारलं, "कसं वाटलं?"

"वाईट नव्हतं," ती म्हणाली, आणि वाऱ्यात उभी राहून त्या विटांकडे बघत राहिली.

क्लिफर्ड आणि मंडळी तोंडं पाडून परतली. तिथल्या मनोऱ्यात वाजवणाऱ्यांची गर्दी, तरणीताठी मुलं बाकावर बसून आपली पाळी यायची वाट बघत होती म्हणे. आमच्याकडे सहा जुळवायची मारामार. परतीच्या वाटेवर कुणी बोललं नाही. तिला कुठं जायचंय ते व्हॅनमधल्या सगळ्यांना कळलं होतं, डुकरांच्या खाद्यालासुद्धा.

पुढं मुलाखती झाल्या, आणि उन्हाळ्याच्या तोंडाला दोन्हीकडून बोलावणं आलं. धरता येणार एकच. ब्रायनीनं कुणाला काही सांगितलं नाही, कुणी काही विचारलं नाही. केक मात्र वाढले. शुक्रवारी मनोऱ्यातून भलताच आवाज यायला लागला, लंगड्या घोड्यासारखा. पाच ठोके, मग भोक, मग पाच ठोके. मी क्लिफर्डला म्हटलं, "हे काय चाललंय?"

"पाच घंटांचं बसवतोय."

"का? सहावी काय रुसली?"

"तू भाजी बघ, करपतेय," क्लिफर्ड म्हणाला. भाजी चुलीवर नव्हतीच.

त्यानंतरच्या शुक्रवारी ब्रायनी माझ्याकडे आली. मी मटार सोलत होते, तीही सोलायला बसली. थोड्या वेळानं खाली बघूनच म्हणाली, "मावशी, मी काचेचं घेतेय."

"का गं?"

"जवळ आहे."

"तुरुंगही जवळच आहे."

"शुक्रवारी सरावाला येता येईल."

मी हातातली शेंग खाली ठेवली. "गधडे, तू डॉक्टर व्हायला चाललीस की घंटा बडवायला?"

"शेजारच्या आल्बी गावातल्या घंटावाल्यांचं काय झालं आठवतं ना तुला? त्यांच्यातली एक बाई लेकीकडे राहायला गेली. पाच उरले. मग एक आजारी पडला. आता त्यांच्या मनोऱ्यात कबुतरं राहतात."

"कबुतरांनाही घर लागतं."

"चेष्टा नको ना करूस." तिचा आवाज फुटला. "काका परवा म्हणाले, सरावाला नाही आलीस तरी चालेल. माझ्याकडे बघतही नव्हते. आणि पाचजण काय वाजवतात ते मी खिडकीतून ऐकते, मावशी. फार वाईट वाजतं गं. एकानं जरी तोंडावर म्हटलं असतं ना, जाऊ नकोस, तर मी कडाकडा भांडून गेले असते. पण कुणी काही म्हणतच नाही. नुसते केक देतात. केकशी कसं भांडू?"

"आणि ती 'आणखी' म्हणणारी बाई?"

तिनं एक शेंग फोडली. मग म्हणाली, "तिथं मला पहिल्यांदाच वाटलं की माझ्यात बिघाड नाहीये."

मला रडू आलं असतं, पण मला रडू यायच्या आधी राग येतो, देवानं तसंच बनवलंय. समोर मनोऱ्यातून तो लंगडा घोडा सुरू झाला. मी उठले, मटाराची टोपली लाथेनं बाजूला सारली आणि ब्रायनीचं मनगट धरलं. "चल."

"कुठं?"

"वर."

संसार झाला माझा त्या मनोऱ्यासमोर, पण मी त्या जिन्याला कधी पाय लावला नव्हता. गोल गोल, अंधारा, दगडी, नि कठड्याच्या जागी एक तेलकट दोरखंड. वर पोचले तेव्हा माझा श्वास भात्यासारखा चालला होता. अंगात ॲप्रन, त्याला मटाराची टरफलं. मला बघून क्लिफर्डचा ठोका चुकला.

"थेल्मा! घराला आग लागली की काय?"

"आग लागली असती तर मी एवढं चढले असते का? खालूनच ओरडले असते. थांबव ते!"

त्यानं थांबवलं. एकेक घंटा गप्प झाली.

"या पोरीला कुठल्या कॉलेजात जायचंय ते इथं कुणाला ठाऊक आहे का?" मी विचारलं.

सगळ्यांनी आपापले बूट बघितले. शेवटी थोरली टास्कर म्हणाली, "विटांच्या..."

"...कॉलेजात," धाकटी म्हणाली. "केक त्याच्यासाठीच होता."

"कशासाठी?"

"जा म्हणून."

"आणि त्याच्या आधीचा?"

"तोही जा म्हणूनच. लिंबाचा."

"अगं मग केकवर लिहायला काय धाड भरली होती!"

क्लिफर्डचे कान लाल झाले होते. दोराशी चाळा करत तो ब्रायनीला म्हणाला, "तू गेल्यावर अडू नये म्हणून आम्ही पाचांचं बसवतोय. सरळ 'जा' म्हटलं असतं तर तुला वाटलं असतं, आम्ही हाकलतोय. म्हणून म्हटलं, हळूहळू तुझी सवय मोडावी. म्हणजे आमची. तुझी म्हणजे आमची."

"मला वाटलं तुम्ही रागावलात, काका."

"तुझ्यावर? छे गं पोरी."

तेवढ्यात ग्रॅहम खाकरला. "पोरीनं जावं," तो म्हणाला.

"हो," त्याचा भाऊ म्हणाला. झालं, दोघांचा वर्षाचा निम्मा साठा एका दमात संपला.

ब्रायनीनं नाक पुसलं. पण प्रश्न विचारल्याशिवाय राहील तर ती ब्रायनी कसली. "पण काका, पाचांचं वाईट वाजतं ना?"

क्लिफर्डला खोटं बोलता येत नाही. "वाईटच वाजतं," तो म्हणाला.

मग सगळ्यांचं लक्ष त्या मोकळ्या दोराकडे गेलं. लोकरीची लालपांढरी जाड मूठ असलेला, पहिल्या घंटेचा, ब्रायनीचा. आणि माझ्या अंगात काय संचारलं देव जाणे. मी पुढं झाले. "सरका. आण इकडं."

"थेल्मा, हात लावू नकोस, ती घंटा वर उलटी उभी..."

मी ओढला. आधी काहीच झालं नाही. मग तो दोर असा वर सुटला की त्याच्याबरोबर मीही. क्लिफर्ड ओरडतोय, "सोड! सोडू नकोस! सोड!" टास्कर बहिणी किंचाळतायत, वर घंटेला अडवून धरणारं लाकूड कडाकड मोडलं, आणि मी चटईवर धपकन बसले, माझ्या वजनाच्या बाईनं जसं बसावं तशी.

डोळे उघडले तर ब्रायनी माझ्यावर वाकलेली. "मावशी, कुठं दुखतंय? बोटं हलव. मान नको हलवूस. डोकं आपटलं का? दिवा एक दिसतो की दोन? आज वार कुठला? श्वास घेताना टोचतं का? इथं? इथं?"

"ब्रायनी," मी म्हणाले.

"सॉरी मावशी, पुरे करते..."

"पुरे नको करूस. आणखी विचार. पण तिकडं जाऊन विचार, नाही तर हा दोर मी पुन्हा ओढेन."

त्याच संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून तिनं कॉम्प्युटरवर विटांचं कॉलेज धरलं आणि काचेचं सोडलं. चांदीच्या केसांच्या प्राध्यापकांना बिचाऱ्यांना अजून वाटत असेल, ती मुलगी बाथरूममधून आलीच नाही.

आणि माझी रवानगी झाली मनोऱ्यात. ग्रॅहमनं मोडलेलं लाकूड बदललं. उन्हाळाभर ब्रायनीनं मला शिकवलं. क्लिफर्डला शिकवू दिलं नाही, घटस्फोट झाला असता. एक ओढ लोकरीच्या मुठीची, दुसरी शेपटाची, म्हणजे दोराच्या खालच्या टोकाची, मध्ये हात सैल. वाचायला सोपं वाटतंय ना? या आणि करा. माझे तळहात सोलले, खांदे आखडले, आणि रेडिओवरच्या माझ्या कार्यक्रमांचं तर वाटोळंच झालं. प्रत्येक वेळी मी चुकले की ब्रायनी शांतपणे म्हणायची, "वाईट नव्हतं, मावशी." ही मुलगी डॉक्टर चांगली होणार हे मला तिथं कळलं, इतकं गोड खोटं बोलणं सगळ्यांना जमत नाही.

सप्टेंबरात ती निघाली, रविवारी सकाळी. गाडीत पुस्तकं, पांघरुणं आणि सगळ्या गावाचा मुरंबा. निरोपसमारंभ नको म्हणाली. आम्ही कुठला करतोय! रस्त्यावर कुत्रंही उभं नव्हतं. आम्ही सगळे वर होतो. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला आणि क्लिफर्डनं माझ्याकडे बघितलं. मी दोर ओढला. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. माझा नंबर दर फेरीला थोडा घसरत होता, पण भोक नव्हतं. सहाच्या सहा वाजत होत्या. मला ऐकू येत होतं.

संपवून खाली आलो तर माझ्या फोनवर तिचा निरोप आला होता. "मावशी, शेवटपर्यंत शेपटाच्या ओढीला उशीर होत होता. खांदे सैल सोड."

"बघ, मी हेच सांगत होतो," क्लिफर्ड म्हणाला.

"तू गप्प बस." मला वेगळंच कोडं पडलं होतं. वॉल्टरच्या शेतापलीकडे घंटा ऐकू येत नाहीत, वाटेत टेकडी येते. आम्ही वाजवणं संपवलं तोवर तर ती मोठ्या रस्त्याला लागायला हवी होती. मग तिला शेवटपर्यंत ऐकू आलं कसं?

दुपारी वॉल्टर आला तेव्हा कळलं. ब्रायनीची गाडी त्याच्या फाटकाशी उभी होती. त्याला वाटलं बंद पडली, म्हणून तो बघायला गेला. काचा खाली केलेल्या, आणि ही दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून रडतेय. हमसून हमसून, लहान पोरासारखी, शेवटची घंटा थांबेपर्यंत.

"मग? तू काय म्हणालास तिला?" मी विचारलं.

वॉल्टरनं टोपी काढली, परत घातली. "काय म्हणणार? फ्लॉवरचा गड्डा दिला."

"अरे मेल्या, पोरगी जीव तोडून रडतेय आणि तू तिला फ्लॉवर दिलास?"

"चांगला मोठा होता," वॉल्टर म्हणाला. "आणि तिनं घेतला गं. मांडीवर ठेवला आणि तसाच घेऊन गेली."